तीन मीटर, दोनशे मीटर

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि इंदूरच्या मराठी घरांतला एक जुना वाद पुन्हा तापला. सत्तावीस फेब्रुवारीचा कार्यक्रम असो, गणपतीतले व्याख्यान असो की लग्नाची पंगत, बोलणे फिरून फिरून तिथेच येते. एक पक्ष म्हणतो, पुणे सहाशे किलोमीटर लांब आणि हिंदी दाराबाहेर. शेजार जिंकणारच, नातवंडे हिंदी बोलणारच, उगाच गळे कशाला काढायचे? दुसरा पक्ष म्हणतो, अंतर आता उरलेय कुठे? मुंबईची मालिका, पुण्याचे नाटक, नाशिकची आत्या सगळे फोनवर आले, आता मराठी टिकायला काय हरकत? भांडण जोरात चालते, पण दोघे मोजतात एकच गोष्ट. पहिल्याच्या मते अंतर फार आहे, दुसऱ्याच्या मते ते संपले आहे. अंतर म्हणजेच प्रभाव हे मात्र दोघांनीही गृहीत धरलेले आहे. (किलोमीटरच मोजायचे तर महाराष्ट्राची हद्द सेंधव्यापलीकडे, इंदूरपासून पावणेदोनशे किलोमीटरांच्या आत आहे, हे दोघांच्याही लक्षात नसते.) माझे म्हणणे असे की जवळीक प्रभाव पाडते हे खरे, पण ती जमिनीवर मोजून कळत नाही. काय ओलांडून येते, कोणत्या वाटेने येते, दिवसातून कितीदा येते आणि ते येते त्या घडीला घेणारा उघडा असतो का, हे चार प्रश्न विचारल्याशिवाय जवळ आणि लांब या शब्दांना अर्थ नाही.

माळव्यात बीजोत्पादनाचे प्लॉट घेणाऱ्या शेतकऱ्याला हे कुणी समजावून सांगावे लागत नाही. वाण शुद्ध राहावे म्हणून त्याच पिकाच्या दुसऱ्या वाणापासून आपले शेत किती दूर हवे, याचे नियम प्रमाणित बियाण्यासाठी ठरलेले आहेत. सोयाबीनला हे अंतर फक्त ३ मीटर. गव्हालाही ३ मीटर. संकरित मक्याला मात्र २०० मीटर. तीच काळी जमीन, तोच वारा, तेच भुंगे. मग एका पिकाला शेजारी बांधाला बांध लावून चालतो आणि दुसऱ्याला दोन-तीन शेते सोडून बसवावा लागतो, हे का? सोयाबीनचे फूल उमलण्याआधीच स्वतःच्या परागकणांनी फळून जाते. शेजारच्या फुलाचा पराग आला तरी दार बंद असते. मक्याचे उलट. पराग सोडणारा तुरा वर, कणीस खाली, आणि कणसातून बाहेर आलेल्या प्रत्येक केसाच्या मुळाशी एकेक दाणा. केस बाहेर पडल्यावर आठ-दहा दिवस वाऱ्यावरून येईल तो पराग घेतो. आपला की परका हे तो पाहत नाही. पांढऱ्या मक्याच्या शेजारी पिवळा मका फुलोऱ्यात आला, तर त्याच हंगामात पांढऱ्या कणसात पिवळे दाणे दिसतात.

आणि अंतर कमी पडले तर शेतकरी काय करतो? त्याच्याकडे दोन उपाय असतात. पहिला, पेरणी तीन-चार आठवडे पुढे-मागे करायची, म्हणजे शेजाऱ्याचा तुरा आपले केस निघण्याआधी वाळतो किंवा नंतर फुटतो; पराग गरम, कोरड्या हवेत काही तासच जगतो, तेव्हा वेळ चुकली की शेजार असूनही नसल्यासारखाच. दुसरा उपाय जास्त शिकवणारा आहे. शेताच्या कडेने आपल्याच नर वाणाच्या, म्हणजे पराग देणाऱ्या वाणाच्या, जादा ओळी पेरायच्या. भिंत घालायची नाही, शेजाऱ्याचा मका उपटायचा नाही. आपल्या शेताच्या हवेत आपलाच पराग इतका दाट करायचा की बाहेरून आलेला कण शंभरांत एखादा ठरावा. या दुसऱ्या उपायाकडे लेखाच्या शेवटी यायचेच आहे. आत्ता एवढेच, की प्रभाव अंतरावर ठरत असता तर सोयाबीन आणि मका यांचे आकडे एकच निघाले असते.

शेजारच जिंकतो म्हणणाऱ्यांची बाजू मात्र कच्ची नाही, आणि ती हसण्यावारी नेणारे तिचा अभ्यास करत नाहीत. अमेरिकेत एमआयटीच्या विवाहित विद्यार्थ्यांसाठी बांधलेल्या वेस्टगेट वसाहतीत फेस्टिंगर, शॅक्टर आणि बॅक या तीन मानसशास्त्रज्ञांनी केलेली पाहणी १९५० मध्ये प्रसिद्ध झाली. घरे अर्जांच्या क्रमाने मिळाली होती, शेजारी कुणी निवडला नव्हता. लागून असलेल्या दारांतल्या ४१ टक्के लोकांनी एकमेकांना जवळचे मित्र म्हटले, एक दार सोडून पलीकडे हे प्रमाण २२ टक्क्यांवर आले आणि त्याच मजल्याच्या दोन टोकांना १० टक्क्यांवर. फरक काही फुटांचा होता. तेव्हा अंतर काहीच करत नाही, असे कोण म्हणेल? पण त्याच पाहणीतली दुसरी गोष्ट सहसा सांगितली जात नाही. खालच्या मजल्यावर जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांचे वरच्या मजल्यावर जास्त मित्र होते, कारण वरचे सगळे रोज त्यांच्या दारावरून जात. मोजपट्टीने जी घरे सारख्या अंतरावर होती, ती येण्याजाण्याच्या वाटेने सारखी नव्हती. फुटांचा हिशेब बरोबर आला तो बहुतेक वेळा वाट आणि फूट जुळले म्हणून. जिथे ते जुळले नाहीत तिथे वाट खरी ठरली.

याच गोंधळाची किंमत लंडनने १८५४ मध्ये मोजली. ऑगस्टअखेरीस सोहो भागात कॉलरा आला आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्या काळच्या बहुतेक डॉक्टरांचे मत होते की रोग घाणेरड्या हवेतून येतो, म्हणजे तेही जवळिकीचाच सिद्धान्त सांगत होते: घाणीजवळ राहाल तर मराल. जॉन स्नो या डॉक्टरनेही नकाशा काढला आणि मृत्यू ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती दाटलेले दाखवले. इथपर्यंत दोन्ही बाजूंना तोच नकाशा आपापल्या बाजूचा वाटला असता. स्नोचे मोठेपण अपवाद तपासण्यात आहे. पंपाच्या जवळच एक आश्रयगृह होते, ५३५ माणसांचे. तिथे फक्त पाच दगावली. त्या इमारतीत स्वतःची विहीर होती. त्याच रस्त्यावर बिअरचा कारखाना होता, कामगार सत्तरच्या वर. त्यांतले कुणी दगावले नाही, कारण ते कारखान्याची बिअर आणि कारखान्याचेच पाणी पीत. आणि तिकडे कित्येक मैल दूर हॅम्पस्टेडला एक विधवा कॉलऱ्याने गेली. पूर्वी ती ब्रॉड स्ट्रीटला राहत असे, तिथल्या पाण्याची चव तिला आवडे, म्हणून रोज गाडीतून बाटली मागवत असे. आता सांगा, पंपाच्या जवळ कोण होते? पन्नास पावलांवरचा कामगार की टेकडीवरची बाई? पंपाचा दांडा ८ सप्टेंबरला काढला तेव्हा साथ उतरणीला लागली होती, हे स्नोने स्वतःच नमूद केले आहे. त्याचा युक्तिवाद दांड्यावर टेकलेला नव्हता. तो त्या बाटलीवर आणि त्या विहिरीवर टेकलेला होता.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. जवळीक, वाट, वेळ हे सगळे ठीक, पण प्रभाव शेवटी सत्ता ठरवते, असे म्हणणारे अनेक आहेत. शाळा हिंदीची, नोकरी हिंदी-इंग्रजीची, मग घरातल्या भाषेची काय बिशाद? यात तथ्य आहे. सत्ता संपर्काची कारणे पुरवते. कोर्टात, बँकेत, वर्गात कोणत्या भाषेत तोंड उघडायचे हे तीच ठरवते. पण सत्तेचे बळ आणि प्रभाव यांची बेरीज सरळ नसते, आणि याचे सगळ्यात स्वच्छ उदाहरण आकाशात आहे. सूर्याचे वस्तुमान चंद्राच्या सुमारे २ कोटी ७० लाख पट. तो चंद्राहून सुमारे ३९० पट दूर. गुरुत्वाचे बळ अंतराच्या वर्गाने घटते, म्हणून हिशेब केला तर पृथ्वीवर सूर्याची ओढ चंद्राच्या ओढीपेक्षा जवळपास १८० पट निघते. पृथ्वी सूर्याभोवती फिरते ती उगाच नव्हे. पण भरती-ओहोटी? ती एकूण ओढीने येत नाही. पृथ्वीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या बाजूंवर पडणाऱ्या ओढीत जो फरक असतो त्याने ती येते, आणि हा फरक अंतराच्या घनाने घटतो. ३९० ने आणखी एकदा भागा: सूर्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहूनही कमी, सुमारे ४६ टक्के. म्हणजे वार्षिक कक्षा सूर्य ठरवतो आणि किनाऱ्यावरची होडी रोज दोनदा चंद्र हलवतो. दोघे एका रेषेत आले की उधाण, काटकोनात आले की भांग. सत्ता आणि शेजार यांचे नाते याहून वेगळे नाही. कोण मोठा, हा प्रश्न निराळा आणि आपल्या दारातले पाणी कोण हलवतो, हा निराळा.

इंदूरचाच इतिहास घ्या. १८१८ च्या मंदसोर तहानंतर होळकरांची राजधानी इंदुरात आली आणि १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झाले. एकशेतीस वर्षे मराठी घराण्याची गादी, दरबारात मराठी, दप्तरात मोडी. सत्ताच भाषा ठरवत असेल तर इंदूरजवळच्या सांवेर-देपालपूरच्या खेड्यांनी मराठी का उचलली नाही? रयतेचा दरबाराशी संबंध येई तो वसुलीपुरता, वर्षातून दोनदा, तोही पटवाऱ्याच्या तोंडून. राजवाडा जवळ होता, पण राजवाड्यातून रयतेपर्यंत मराठी बोलत जाणारी वाटच नव्हती. उलट, जे रोज रस्त्यावर आले ते मुरले. गणपती मुरला. गिरण्यांच्या कामगारांनी अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले चित्ररथ, अशा उचलल्या की १९९१ मध्ये हुकुमचंद मिल बंद पडली तरी तिची झांकी निघत राहिली. ती ओढणाऱ्यांपैकी किती घरांत मराठी बोलतात हे कुणी विचारत नाही, विचारायची गरजही नाही. पोह्यांचेही तसेच. ते मराठी माणसांबरोबर माळव्यात आले असे मानतात. इथे त्यांत बडीशेप पडली, वरून शेव आणि जीरावन हा इथला मसाला आला, उकळत्या पाण्याच्या भांड्यावर कढई ठेवून ते तासन्‌तास गरम ठेवायची रीत पडली, आणि शेजारी जिलबी आली. पोहे काही फर्मान काढून कुणाच्या ताटात घातलेले नव्हते. ते सकाळी सात वाजता, भुकेच्या वेळी, दोन पैशांत, कोपऱ्यावर मिळत होते.

सत्तेच्या युक्तिवादाला छेद देणारा आणखी एक योग या शहराच्या नोंदीत आहे. १९१७ मध्ये गणेश जनार्दन आगाशे यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन इंदुरात भरले. पुढच्याच वर्षी, १९१८ मध्ये, हिंदी साहित्य संमेलन इथेच भरले आणि अध्यक्ष होते गांधीजी. १९३५ मध्ये तर एकाच वर्षात दोन्ही संमेलने या शहराने पाहिली: हिंदीचे पुन्हा गांधीजींच्या अध्यक्षतेखाली, मराठीचे औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींच्या. शहर तेच, पाहुणचार तोच, राज्य तेच. तरी पुढच्या पन्नास वर्षांत दोन्ही भाषांचे या शहरात काय झाले ते समोर आहे. मांडवांनी ते ठरवले नाही. स्वातंत्र्यानंतर शाळेचे माध्यम, बदलीच्या नोकऱ्या, जुन्या वाड्यांतून निघून वसाहतींत विखुरलेली घरे यांनी ठरवले. रामबागेसारख्या जुन्या वस्तीतल्या वाड्यात आठ बिऱ्हाडे मराठी असली की मूल जिन्यावर, नळावर, ओट्यावर मराठीतच भांडे. तेच कुटुंब ‘स्कीम’मधल्या, म्हणजे नव्या आखीव वसाहतीतल्या, चार मजली इमारतीत गेले की त्या मजल्यावर एकटे. महाराष्ट्र तेवढाच लांब राहिला. मराठी बोलणारा दुसरा पोरगा मात्र दहा पावलांवरून तीन किलोमीटरांवर गेला, आणि पाच वर्षांच्या मुलाला तीन किलोमीटर म्हणजे पुणेच.

फोनने अंतर संपवले म्हणणाऱ्यांकडे वळू. त्यांच्या बाजूचा सर्वांत भक्कम साक्षीदार इंदूरपासून तासाभरावर देवासला राहून गेला. कुमार गंधर्व लहानपणी ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकून मोठमोठ्या गवयांचे गाणे जसेच्या तसे म्हणत. गुरू समोर नाही, घराणे जवळ नाही, तरी गळ्यात गाणे उतरले. मग समोरासमोरच्या सहवासाचे एवढे स्तोम कशाला? पण हीच कहाणी पुढे वाचली तर उलटी साक्ष देते. तबकडीने त्यांना तयार गाणे दिले. ते मोडून पुन्हा घडवायला त्यांना मुंबईत बी. आर. देवधरांकडे जावे लागले. १९४८ मध्ये क्षयाने आजारी होऊन ते देवासला आले आणि काही वर्षे अंथरुणाला खिळले. गाणे बंद, कान उघडे. मालवी बायांची गाणी त्या वस्तीत पिढ्यान्‌पिढ्या चालू होती आणि इंदूर-देवासच्या किती गवयांच्या कानांवरून गेली असतील, याची मोजदाद नाही. त्या लोकधुनांतून उगवलेले धुनउगम राग मात्र त्यांच्याच हातून घडले. अंतर तर सगळ्यांनाच सारखे होते! फरक होता तो वर्षांच्या ऐकण्याचा आणि तयार कानाचा. ग्वाल्हेरचा ख्याल महाराष्ट्रात आला तोही अंतर कमी झाल्याने आलेला नाही. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरला वासुदेवबुवा जोशींच्या सहवासात शिकले आणि परत येऊन त्यांनी शिष्य तयार केले. त्यांतल्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये थेट लाहोरला विद्यालय काढले. एक माणूस गेला, राहिला, परतला. तेवढी एक वाट सबंध प्रांताला पुरली.

भाषेच्या बाबतीत तर हा प्रश्न प्रयोगाने तपासलेला आहे. बाळांच्या भाषेचा अभ्यास करणाऱ्या पॅट्रिशिया कुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी मँडरिन ऐकवली: पंचवीस-पंचवीस मिनिटांच्या बारा बैठका. काही बाळांसमोर बाई स्वतः बसून खेळली, वाचून दाखवू लागली. काहींना तीच बाई, तेच शब्द पडद्यावर दाखवले, काहींना नुसता आवाज. समोर बसलेल्या बाईकडून बाळांनी ध्वनींतले भेद उचलले. पडद्याच्या आणि आवाजाच्या गटांत काहीच उतरले नाही. म्हणजे पडदा निकामी? तसेही नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रोझबेरी आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दोन ते अडीच वर्षांच्या मुलांनी व्हिडिओ कॉलवरून नवी क्रियापदे शिकली. आधी चित्रित केलेल्या फितीवरून शिकली नाहीत. दोन्हींत काच तीच. कॉलवरचे माणूस मुलाच्या हालचालीला उत्तर देत होते, फीत देत नव्हती. तेव्हा नाशिकच्या आत्याचा रोजचा दहा मिनिटांचा फोन, ज्यात ती विचारते आणि भाचा उत्तर देतो, हा कामाचा आहे. तीन तास लावून ठेवलेली मराठी मालिका आजीच्या करमणुकीची आहे.

शुद्धतावाद्यांना इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण जवळीक म्हणजे भेसळ, या भीतीने तेही चुकीचे औषध घेतात. सांगलीजवळच्या कुपवाड गावात कन्नड, मराठी आणि उर्दू तीन-चार शतके एकत्र नांदल्या. गंपर्झ आणि विल्सन या भाषा-अभ्यासकांनी १९७१ मध्ये तिथल्या बोलींवर लिहिले आणि त्यांना आढळले ते अजब होते: तिन्ही भाषांची वाक्यरचना इतकी एकसारखी झालेली की एका भाषेचे वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसऱ्या भाषेत उतरते, शब्द मात्र आपापले. बाजारात, शेतावर पुरुष एकमेकांच्या भाषा रोज बोलत, म्हणून रचना जवळ आल्या. घरात मात्र ज्याची त्याची भाषा, म्हणून तीन भाषा तीनच राहिल्या. इंदुरी मराठीत हिंदीच्या धाटणीची वाक्ये येतात म्हणून पुण्याचे पाहुणे हसतात, हसू देत. रचना वाकली म्हणून भाषा मरत नाही. घरातला दरवाजा बंद झाला की मरते.

तंजावर आणि मॉरिशस शेजारी ठेवून पाहा. तंजावरात व्यंकोजी राजांबरोबर मराठी माणसे सतराव्या शतकात गेली. १८५५ मध्ये राज्यही गेले, सभोवार तमिळ, महाराष्ट्र हजार किलोमीटरांहून दूर. तरी तिथल्या घरांत मराठी साडेतीनशे वर्षे बोलली गेली. आता ती विरळ होते आहे हे खरे, पण या मुदतीपुढे आपली काळजी लहान आहे. मॉरिशसमध्ये मराठी लोक एकोणिसाव्या शतकात मजुरीला गेले. तिथे गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी आहे, शाळेत मराठी शिकवतात, आणि घरात बहुतेक जण क्रेओल ही तिथली फ्रेंचवर आधारलेली बोली बोलतात. एकीकडे राजाश्रय गेला तरी स्वयंपाकघर राहिले, दुसरीकडे दिनदर्शिका राहिली आणि स्वयंपाकघर गेले. आपण इंदुरात यांपैकी कोणता रस्ता धरला आहे?

तेव्हा कामाचे बोलू. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात सुमारे १,९०० द्विभाषिक घरांची पाहणी ॲनिक द हाउवर यांनी केली. जवळपास पाव घरांत मुले ती दुसरी, अल्पसंख्य भाषा बोलत नव्हती. आईवडील दोघेही घरात ती भाषा वापरतात का, यावर बरेच काही अवलंबून होते. इंदूरच्या घरांत गाडी नेमकी कुठे घसरते ते सांगता येते. सून किंवा जावई हिंदीभाषक असला की सभ्यतेपायी सगळी बैठक हिंदीत वळते, आणि आजी नातवाशीही हिंदीत बोलू लागते. सुनेशी हिंदीत बोलावेच; पण आजीने मान वळवून नातवाकडे पाहिले की मराठी. मुले आठवडाभरात ओळखतात की कोणत्या माणसाची कोणती भाषा. दुसरी घसरण: थोरले मूल शाळेत जाते आणि हिंदी घरात आणते, धाकटे तिच्यातच वाढते. म्हणून तीन ते सात हे वय निसटू देऊ नये; मक्याचे केस बाहेर आलेले असावेत तसे हे दिवस. तिसरी: मूल हिंदीत उत्तर देते आणि मोठी माणसेही हिंदीवर येतात. रागावू नये, ‘मराठीत सांग’ म्हणून अडवूही नये. त्याचेच उत्तर मराठीत म्हणून पुढे जावे आणि पुढचा प्रश्न असा विचारावा की शब्द त्यातच असतील: पोळी हवी की भात? चौथी आणि सगळ्यात वाईट: मूल ‘तो झाड’ म्हणते आणि पंगत हसते. हिंदीत नपुंसकलिंग नाही, चूक होणारच. दोनदा हसलात की तिसऱ्यांदा ते मूल मराठीत तोंड उघडत नाही.

आता संस्थांचा हिशेब, कारण पैसा तिथे खर्च होतो. आठवड्याला एक तासाचा बालवर्ग, वीस मुले, वर्षाला चाळीस आठवडे. गुरुजी एक शब्दही बोलले नाहीत असे धरले तरी प्रत्येक मुलाच्या वाट्याला तासातली तीन मिनिटे, म्हणजे वर्षाला दोन तास बोलणे. रोज जेवताना अर्धा तास घरात मराठी चालली तर वर्षाला १८० तासांहून जास्त, आणि त्यात खर्च शून्य. सभागृहातल्या रविवारच्या नाट्यसंगीताला मी नावे ठेवत नाही, ते रसिकांनी ऐकावेच. पण तिथे बसलेले बहुतेक साठीच्या पुढचे असतात, आणि त्यांची मराठी कुठे जाणार होती? भाषा टिकवण्याच्या नावाने जमवलेला पैसा तिथे खर्ची टाकू नये एवढेच.

मक्याच्या शेतासारख्या कडेच्या ओळी पेरायच्या तर त्या मुलांच्या राहत्या गल्लीत पेराव्या लागतील. राजेंद्र नगर, सुदामा नगर, लोकमान्य नगर, विजय नगर, जिथे पाच-सहा मराठी घरे चालत पोहोचण्याच्या टप्प्यात आहेत तिथे कुणाच्या तरी दिवाणखान्यात सहा मुलांचा गट. आठवड्यातून चार संध्याकाळी, चाळीस मिनिटे. सोबत एक आजी किंवा आजोबा आणि एक कॉलेजातला दादा, कारण मुले थोरल्या मुलाचे बोलणे उचलतात, म्हाताऱ्यांचे ऐकून घेतात. सामान सतरंजी, सापशिडी, पत्ते, सागरगोटे. पुस्तक उघडायचे ते दादाने वाचून दाखवण्यापुरते. वर्षाच्या चाळीस आठवड्यांत ही ६,४०० मिनिटे होतात; सहांत वाटली तर प्रत्येकाला सतरा-अठरा तास बोलायला मिळतात, बालवर्गाच्या नऊपट. निवृत्त शिक्षक या शहरात भरपूर आहेत. शेजारचे हिंदीभाषक मूल खेळायला आले तर त्याला परत पाठवू नये. पाच मराठी मुलांत ते एकटे असले की दोन महिन्यांत सापशिडीपुरती मराठी शिकते. तीन आली तर मात्र सगळा गट हिंदीत खेळू लागतो. तेव्हा त्यांना घालवायचे नाही. पलीकडच्या इमारतीतली दोन मराठी घरे शोधून दुसरा गट सुरू करायचा आणि मुले दोन्हींत वाटून द्यायची.